ओट्यात आणलेला डोंगर

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे तुरीच्या शेंगा सोलल्या. त्यात सांगण्यासारखं काही नाही. थंडीचे दिवस, सकाळचे दहा वाजलेले. वाघोलीच्या आमच्या दोन खोल्यांत त्या वेळेला खिडकीतून ऊन बरोबर स्वयंपाकाच्या ओट्यावर येतं. ती उभी, मी स्टुलावर, मध्ये शेंगांचा ढीग. मी सोलता सोलता चार दाणे तोंडात टाकायचे आणि तिनं माझ्या हातावर चापट मारायची, हे लग्नापासून चाललेलं.

वाटी भरली तशी तिनं ती ओट्याच्या डाव्या कोपऱ्यात ठेवली आणि थांबली. वाटी उचलली, पुन्हा ठेवली.

"ऐकलात का ओ? बद्द वाजलालंय."

"तुझे कान बद्द झालेत."

"माझ्या कानाला नावं ठिवू नका. माझ्या बापानं डोंगरावर घासून दिलेत हे कान." मग बोटाच्या पेरानं ठोकत ठोकत ती मधोमध आली. "इथं बद्द. इथं बरा हाय. इथं पुन्ना बद्द. कधी काढून बघताव?"

"उद्या बघतो."

"तुमचं उद्या बी बद्दच वाजतंय," ती म्हणाली आणि शेंगा सोलायला लागली.

ती म्हणजे नरसाबाई, माझी बायको. त्याच दिवशी दुपारी चार वाजता ती गेली.

ह्या अंकाच्या संपादकबाईंच्या घरचा ओटा मी बसवलेला आहे. भेटायला आल्या तेव्हा म्हणाल्या, "काका, तुमच्या कामाचं लिहा. तेवढंच मन रमेल." मन काय रमायचंय. मी चौथी शिकलेला माणूस. पण माझ्या कामाचं लिहायचं तर तिला सोडून लिहिता येत नाही, हे बाईंना माहीत नव्हतं. आता लिहायला घेतलंय तर लिहितो. शुद्धलेखन त्यांनी बघावं.

मी ग्रॅनाइट बसवणारा. ओटे, पायऱ्या, जमिनी, भिंती, लिफ्टच्या दाराच्या चौकटी. ज्यांचा दगडाशी संबंध पाय घसरण्यापुरताच आलाय त्यांच्यासाठी आधी बद्द म्हणजे काय ते सांगतो. बाजारात बाई मडकं घेताना टिचकी मारून बघते. खणखणीत वाजलं तर घेते, बद्द वाजलं तर ठेवून देते. दगडाचंही तेच. खालच्या सिमेंटच्या मालाला दगड पुरता धरला असेल तर तो खणखणीत बोलतो. खाली हवा राहिली असेल तर बद्द. वरून दोन्ही सारखेच चकचकीत दिसतात. डोळा फसतो, पॉलिश तर फसवायलाच केलेलं असतं. कान फसत नाही. आणि माझा कान बरा असला तरी नरसासारखा नव्हता. हे मी तिला जन्मभर कबूल केलं नाही.

तो कान आला कुठून ते सांगतो.

देगलूरच्या पलीकडे, तेलंगणाच्या कडेला आमची गावं. माझं एक, तिचं त्याच्यापासून चार कोसांवर. तिथला दगड पुण्यासारखा काळा नाही. करड्या रंगाचा, त्यात गुलाबी कण आणि काळे ठिपके. तिच्या गावाला लागून एक डोंगर. डोंगर म्हणजे नुसता एक दगड. माती नाही, झाड नाही, उलट्या घातलेल्या कढईसारखा. गावानं त्याचं नाव ठेवलं टकल्या.

ह्या टकल्याला कांद्यासारखे पापुद्रे होते. कुठं वीतभर जाड, कुठं हातभर. भर उन्हाळ्यात दुपारी कधी तरी डोंगरातून ठण्ण करून आवाज यायचा. म्हातारी माणसं म्हणायची, टकल्यानं कात टाकली. जाऊन बघावं तर एखादा पापुद्रा कडेनं चिरलेला असायचा. त्या चिरेत पावसाचं पाणी मुरायचं. आधी शेवाळ, मग गवत, मग एखादं सीताफळाचं झाड त्यात मूळ खुपसायचं. चीर रुंदावली की तुकडा सुटून घसरत खाली यायचा. खाली पडलेल्या तुकड्याचे कोपरे झडून त्याचा गोल गोटा व्हायचा आणि गोट्याचा शेवटी भुगा. माणूस जन्मून म्हातारा होईपर्यंत डोंगरात बोटभर फरक दिसत नाही. पण त्याचं काम कधी बंद नसतं.

तिचा बाप त्या पापुद्र्यांवर पोट भरायचा. सुरुंग नाही, मशीन नाही, नुसता जाळ. पापुद्र्याच्या कडेला लाकडांची ओळ लावून पेटवायची. दगड तापला की वरचा थर फुगतो आणि खालच्यापासून सुटतो. तेवढा सुटला की जाळ हातभर पुढं सरकवायचा. घाई केली तर थर मधेच फुटतो, उशीर केला तर लाकूड वाया. असं करत करत अंगणाएवढा थर अख्खा सुटा करायचा आणि मग त्याच्या चिपा काढायच्या. आता थर कुठवर सुटला हे डोळ्यांना दिसत नाही. ते ठोकून कळतं. नरसा परकर नेसायला लागल्यापासून हातोडी घेऊन बापाच्या जाळापुढं चालायची. टक, टक, टक. खणखणीत वाजलं की अजून धरलेलं आहे. बद्द वाजलं की सुटलं. "आबा, इथवर सुटला," म्हणायची आणि कोळशानं रेघ मारायची. पायात काही नसायचं. तिच्या तळव्यांवर भाजल्याचे डाग शेवटपर्यंत होते.

लग्नात बापानं तिला टकल्याचा एक पाटा दिला. बैलगाडीत सगळ्यांत जड तोच. मी म्हटलं, "हा कशाला, आमच्या घरी पाटा आहे." तर ती पदराआडून म्हणाली, "तुमचा तुमी वापरा." ती माझ्याशी बोललेली पहिली गोष्ट.

पुण्यात आलो तो नव्वदच्या पुढचा काळ. तोवर पुण्यातल्या ओट्यांवर कडप्पा असायचा, जमिनीला शहाबादी फरशी. मग एकदम सगळ्यांना सगळं नवं पाहिजे झालं. टीव्हीत चॅनेल वाढले तसे ओट्यांचे रंगही वाढले. माणसं ग्रॅनाइट बघायला येत तेव्हा आधी आपला चेहरा त्यात दिसतो का ते बघत.

बुधवार पेठेत एक निवृत्त कारकून होते. त्यांच्या दाराशी पोचलो, मी आणि नरसा. तेव्हा ती माझ्याबरोबर मदतीला असायची, माल कालवायची, दगडाचं दुसरं टोक धरायची. त्यांनी अर्धंच दार उघडलं.

"ग्रॅनाइटवाले आपणच का? दहाची वेळ ठरली होती. आता दहा वाजून सात मिनिटं झालीत. सात मिनिटांत आपला दगड म्हातारा झाला नसेल, पण मी झालो."

आत गेलो. दगड दाखवला. म्हणाले, "टिकेल किती?"

मी म्हटलं, "तुमच्या नातवाच्या नातवापर्यंत."

"त्यांची सोय ते बघतील. मला माझ्यापुरतं सांगा."

नरसा बोलली, "सायेब, दगड टिकतोच. खालचा माल टिकत न्हाई. त्यो भरतेत का न्हाई तेवढं डोळ्यानं बघा."

त्यांनी चष्मा वर केला. "बाई जाणकार दिसतात. आपण बहुतेक फक्त उचलायला आला आहात." मग खुर्ची ओढून ते काम संपेपर्यंत समोर बसले. संपल्यावर स्वतः चहा केला आणि आधी तिला दिला.

तिनं त्यांना काय बघायला सांगितलं ते समजून घ्या, कारण पुढं ते लागणार आहे. दगड बसवायचा तर त्याच्या खाली मालाची सलग गादी घालावी लागते, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. वेळ लागतो, माल जास्त लागतो. कामचुकार माणूस काय करतो, चार कोपऱ्यांत चार आणि मधे एक असे मालाचे पाच गोळे ठेवतो आणि वरून दगड दाबून देतो. आम्ही त्याला पाच ठिपके म्हणतो. दिसायला एकदम सपाट. खाली सगळी हवा. मी माझ्या माणसांना सांगून ठेवलेलं, पाच ठिपके लावताना जो दिसेल त्यानं तसंच घरी जावं, डबासुद्धा न्यायला थांबू नये. ह्या एका गोष्टीचा मला अभिमान होता. हजार ओटे बसवले असतील. एकाही गिऱ्हाइकाला पाच ठिपके दिले नाहीत. गिऱ्हाइकाला.

मग कंपन्या आल्या. जिथं ज्वारी होती तिथं काचेच्या इमारती. एका इमारतीच्या लॉबीचं आणि बाहेरच्या पायऱ्यांचं काम मला मिळालं, तोवरचं सगळ्यांत मोठं. पायऱ्यांना चकचकीत दगड चालत नाही, पावसात माणूस घसरतो. म्हणून तो गॅसच्या ज्योतीनं भाजतात. ज्योत फिरवली की दगडाची साल तडतड उडते आणि वर खरबरीतपणा येतो. नरसानं ते पहिल्यांदा बघितलं तेव्हा हातातलं घमेलं खाली ठेवलं. "ओ, हे तर आबाचंच काम," म्हणाली. "फकस्त लाकडं न्हाईत." दिवसभर ती त्या ज्योतीच्या आसपास घोटाळत राहिली. त्या रात्री जेवताना पहिल्यांदा म्हणाली, "एकदा टकल्या बघून येऊ."

मी म्हटलं, "हे काम होऊ दे."

लॉबीतल्या खांबांना माझ्याच माणसांनी दगड लावले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी नरसा डब्यातल्या वाटीनं एकेक दगड ठोकत गेली आणि खडूनं फुल्या मारत गेली. साइटचा इंजिनीअर धावत आला, कोवळा मुलगा, डोक्यावर पांढरी टोपी.

"मावशी, फुल्या कसल्या मारताय?"

"हे दगड सुटलेत."

"काल बसवलेत ते."

"मग कालच सुटलेत."

"अहो, वर्ल्ड क्लास लॉबी आहे ही!"

"तुमचा वर्ल्ड क्लास कुणाच्या टकुऱ्यावर पडला म्हंजी?"

मी एक दगड उतरवला. मागं हात घालता येईल एवढी पोकळी. अकरा फुल्या होत्या, अकराही तशाच निघाल्या. माझ्या दोन माणसांना त्या दिवशी घरी जावं लागलं. इंजिनीअर बिचारा पांढरा पडला. तिला म्हणाला, "मावशी, ट्रेनिंग कुठं घेतलंत?"

"टकल्यावर."

जाताना मला बाजूला घेऊन विचारतो, "काका, ही इन्स्टिट्यूट कुठं आहे?"

इमारत उघडली त्या दिवशी आम्ही दोघं नवे कपडे घालून बघायला गेलो. गेटवर कार्ड मागितलं. आमच्याकडे कुठलं कार्ड. मी परत फिरलो. ती मात्र उन्हात उभी राहून माणसं पायऱ्या चढताना बघत राहिली. "कुनी घसरंना," म्हणाली, खुशीत. पुढं आमचा राजेश शिकला आणि त्याच इमारतीत कामाला लागला. तिनं विचारलं, "पायऱ्या कशा हायत रं माझ्या?" तो म्हणाला, "आई, मी पार्किंगमधून लिफ्टनं जातो." तिनं भाजी वाढताना त्याला जरा कमी वाढली.

आता एका सरांबद्दल लिहितो. कॉलेजात दगडांचं शास्त्र शिकवून निवृत्त झालेले. त्यांच्या घरी ओट्याचं काम चाललेलं. ते दगडाजवळ भिंग घेऊन बसायचे, मी माल टाकला तरी उठायचे नाहीत. नरसानं त्यांना टकल्याचं सांगितलं, जाळाचं, ठोकण्याचं. त्यांनी वही आणली आणि सगळं लिहून घेतलं. नरसा सांगतेय आणि प्रोफेसर लिहितोय, असं मी बघितलं. मग तिनंच विचारलं, "सर, पण त्यो पापुद्रे सोडतोय कशाला? आमचे आबा म्हनायचे, उन्हानं."

सर म्हणाले, "ऊन, थंडी, पाणी हे सगळं आहेच. पण मूळ कारण वेगळं आहे. हा दगड जमिनीच्या पोटात खोल तयार झाला. वर केवढं तरी ओझं होतं. त्या ओझ्याखाली तो आवळून, घट्ट होऊन बसला होता. मग लाखो वर्षांत वरचं सगळं झिजून गेलं आणि तो उघडा पडला. ओझं गेलं तसा तो फुगायला लागला. फुगताना त्याचे थर सुटतात."

मी म्हटलं, "म्हणजे ओझ्यानं नाही तडकत?"

"ओझं असेपर्यंत काही होत नाही. ओझं गेल्यावर तडकतो."

तेव्हा मला ते उलटं वाटलं. आम्ही उचलणारी माणसं, ओझं वाईट एवढंच आम्हाला माहीत. आता उलटं वाटत नाही.

सर तिला म्हणाले, "बाई, तो डोंगर एकदा बघायला पाहिजे. तुम्ही जाल तेव्हा मला सांगा, मीही येतो." ती माझ्याकडे बघायला लागली. मी माल कालवत होतो. म्हटलं, "हो हो. हे काम झालं की." पुढं सर परदेशात आपल्या मुलीकडे राहायला गेले.

त्यानंतर सात-आठ महिन्यांनी कात्रज-कोंढवा रस्त्यावर एका मार्बलवाल्याच्या गोडाऊनमध्ये दगड निवडायला गेलो. ती बरोबर होती. उभ्या लावलेल्या लाद्यांच्या रांगेतून मी भाव विचारत पुढं गेलो. मागं बघतो तर ती एका लादीपाशी थांबलेली. करडा दगड, गुलाबी कण, काळे ठिपके. तिनं त्यावर तळहात टेकवलेला होता.

"ओ, हा टकल्या हाय."

"असे दगड सतरा ठिकाणी निघतात. राजस्थानातही निघतात."

"हा टकल्या हाय," ती पुन्हा म्हणाली. वाटी नव्हती, तर बांगडीनं ठोकला. "ऐका."

मला काही वेगळं ऐकू आलं नाही. मालकाला विचारलं. तो म्हणाला, देगलूरकडचा माल, नवी खाण सुरू झालीय, हल्ली चांगला चाललाय.

परत येताना टेम्पोत येरवडा ओलांडल्यावर म्हणाली, "किती काढला आसंल ओ?"

"एवढा मोठा डोंगर. थोडा काढला तर काय होतं?"

"आमी पापुद्रा काढायचो. त्यो सुटलेलाच असायचा. हे कापलालेत."

मग तिनं धोशाच लावला. जाऊ या, एकदा जाऊ या, उरलाय तंवर जाऊ या. माझ्या हातात तेव्हा लॉबीसारखीच दुसरी दोन कामं. राजेशचं इंजिनीअरिंग. मी म्हणायचो पुढच्या महिन्यात, दिवाळीला, परीक्षा झाल्यावर. एके दिवशी मला एक युक्ती सुचली आणि मला वाटलं मी फार हुशार आहे. त्याच मार्बलवाल्याकडून त्याच लादीचे दोन तुकडे आणले. आमच्या ओट्यावर जुना कडप्पा होता, तो काढला आणि हे बसवायला घेतले. तिला म्हटलं, "घे. तू डोंगराकडे जायचं म्हणत होतीस, डोंगरच घरी आणला."

ती हसली. खरंच हसली. तळहात फिरवत राहिली त्याच्यावरून. त्या दिवशी पुरणपोळी केली.

ते काम मी एका दुपारी उरकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी एका लॉबीचा ताबा द्यायचा होता. ती बाजारात गेली होती. उजवा तुकडा नीट बसवला. डावा बसवायला घेतला तोवर चार वाजले होते, माल कमी पडत होता, नवा कालवायचा कंटाळा आला. हे मी इथं पहिल्यांदा सांगतोय.

मग चुलत्याच्या दहाव्याला मला गावी जावं लागलं. राजेशची परीक्षा होती म्हणून ती थांबली. मुद्दाम वाट वाकडी करून मी तिच्या गावाच्या फाट्यावर एसटीतून उतरलो. टकल्या अर्धा नव्हता. सुरीनं भाकरी कापावी तसा सरळ कापलेला. जिथं गोल पाठ होती तिथं पायऱ्या पायऱ्या, तारेच्या करवतीनं चिरलेल्या, आणि खाली हिरव्या पाण्याचा खड्डा. जी बाजू राहिली होती तिच्यावर मी चढलो. तिथं दगडावर जुन्या जाळाचे काळे डाग होते. कुणाच्या जाळाचे, मला काय माहीत. मी त्यावर बसलो जरा वेळ. हातात खडा घेऊन ठोकून बघितलं. मग एसटी पकडली.

दार उघडल्या उघडल्या तिनं विचारलं, "टकल्याकडं गेलताव का? कसा हाय?"

"हाय तसाच हाय," मी म्हटलं.

तिनं माझ्याकडे बघितलं. "बरं," म्हणाली आणि पाय धुवायला पाणी दिलं.

त्यानंतर तिनं डोंगराकडे जायचं नाव एकदाही काढलं नाही. मी समजलो, पटलं तिला. सुटलो. तिनं फक्त ओट्याचं सुरू केलं. महिन्या दोन महिन्यांनी एकदा वाटी ठेवायची आणि म्हणायची, बद्द वाजलालंय. मी म्हणायचो, उद्या. वीस वर्षं हे चाललं. जी बाई आदल्या दिवशी लावलेल्या अकरा दगडांच्या मागची हवा ऐकते, तिला स्वतःच्या ओट्याखाली काय आहे हे पहिल्याच दिवशी कळलं नसेल? कळलं असणार. आणि माझ्या "हाय तसाच हाय"चंही कळलं असणार. तिनं मला फुली मारली नाही, एवढंच.

त्या दिवशी शेंगा सोलून झाल्या आणि ती म्हणाली, जरा पडते. बारा वाजता उठवायला गेलो तर घामानं भिजलेली. शेजाऱ्यांच्या मुलानं रिक्षा आणली. नगर रस्त्यावर नेहमीसारखी गर्दी, रिक्षा हलेना. तिचं डोकं माझ्या खांद्यावर होतं. म्हणाली, "दाणे उघडेच ऱ्हायले." मी म्हटलं, "झाकतो." ते शेवटचं. डॉक्टरांनी जे करायचं ते केलं. चार वाजता बाहेर येऊन सांगितलं. राजेश ऑफिसातून तिथंच आला. त्याच रात्री सगळं उरकून आम्ही घरी आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीसारखा साडेपाचला उठलो. राजेश बाहेरच्या खोलीत सतरंजीवर झोपला होता. घरात चूल पेटवायची नव्हती, शेजारच्या काकू चहा आणणार होत्या. स्वयंपाकघरात गेलो. वाटी ओट्यावर तशीच, झाकायची राहिली होती. दाणे सुकले होते. वाटी उचलून खिडकीत ठेवली. गॅसची शेगडी उतरवून खाली ठेवली. माळ्यावरून हत्यारांची पिशवी काढली.

सांध्यात छिन्नी घातली आणि एकच ठोका दिला. डावा तुकडा सुटून आला. त्याला धरून ठेवणारं काही नव्हतंच. भिंतीला टेकवून उभा केला आणि खाली बघितलं.

पाच ठिपके. चार कोपऱ्यांत चार, मधे एक. मधल्यावर माझी बोटं उमटलेली होती, वीस वर्षांपूर्वीची. बाकी सगळी धूळ, आणि मुंग्यांची एक वाट.

राजेश जागा होऊन दारात आला. "बाबा, काय करताय? लोक येतील आता भेटायला."

"येऊ देत."

"पण आजच?"

"तिला उद्या म्हणालो होतो."

तो तिथंच उभा राहिला. मी पाचही ठिपके छिन्नीनं खरवडून काढले. बोटं उमटलेल्याला जरा वेळ लागला. गॅलरीत अर्धी गोणी सिमेंट होतं, वाळू होती. राजेशनं न सांगता बादलीत पाणी आणून दिलं. माल कालवला. सलग गादी घातली, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, कुठं बोट घालायलाही जागा ठेवली नाही. राजेशनं दुसरं टोक धरलं. त्याला धरता येत नव्हतं, पण धरलं. दगड टेकवला, हातोडीच्या दांड्यानं हळूहळू बसवला, पाणसळ लावून पातळी बघितली.

ताज्या मालावर दगड बसवला की वर वजन ठेवावं लागतं, नाही तर तो उचल खातो. एका टोकाला मी तिचा पाटा ठेवला. तोही टकल्याचाच. दुसऱ्या टोकाला ठेवायला घरात तेवढं जड काही सापडेना. मग मी दोन्ही तळहात टेकवले आणि अंगाचा भार दिला.

ऊन ओट्यावर आलं तेव्हा मी तसाच उभा होतो. बाहेर माणसं जमायला लागली होती, चपलांचे आवाज येत होते. शेजारच्या काकू चहाचा पेला घेऊन आत आल्या. राजेशनं माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"बाबा, सोडा आता. चहा घ्या."

"थांब," मी म्हटलं. "अजून धरलं नाही."